आमच्या वाडीतलं फायबर नेट: दीड वर्ष वापरल्यानंतर

गुहागर तालुक्यात समुद्राला लागून आमची वाडी आहे. रस्त्याकडेला घरं, मागे नारळ-पोफळीचं आगर, आगर संपलं की सुरूचं बन आणि मग पुळण. घराच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, जेवणखाण मी बघते. बुकिंग, फोटो, पैसे सगळं फोनवर चालतं, त्यामुळे नेट आमच्याकडे गॅस सिलिंडरइतकंच गरजेचं आहे. दीड वर्षापूर्वी आम्ही तालुक्यातल्या केबलवाल्याकडून फायबरची जोडणी घेतली. ५० एमबीपीएस, महिना ४९९ रुपये, जीएसटी धरून ५८९. घ्यावं का, असं पाहुण्यांपासून माहेरच्यांपर्यंत अनेकजण विचारतात. मी घ्या म्हणते, पण लगेच दुसरं सांगते: जोडणीला मुलगा येईल तेव्हा त्याला चहा द्या, आणि पासवर्ड त्याच्यासमोर बदलून घेतल्याशिवाय त्याला सोडू नका. हे दुसरं वाक्य का, त्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी लाइनबद्दल चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. आमच्याकडे पूर्वी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं. पहिल्या पावसात तांब्याच्या तारेच्या जोडात पाणी शिरायचं, फोन खरखरायचा आणि नेट दिवसातून दहा वेळा तुटायचं. वळवाच्या विजांनी दोन मोडेम जळाले. फायबरच्या काचेतून प्रकाश जातो, करंट नाही, त्यामुळे ओल आणि खारा वारा यांचा तसा त्रास राहिला नाही. वेग सकाळी मोजा की रात्री, ४५ च्या खाली मी फारसा पाहिला नाही. वांदरांनी तार ओढून तोडली असं तीनदा झालं, एकदा वादळी पावसात माड पडून तुटली. तिन्ही वेळा वांदरांचं काम दुसऱ्या दिवशी दुरुस्त झालं, माडाच्या वेळी पाच दिवस लागले, कारण रस्ताच बंद होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

लाईट गेली की काय, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न. मी १२ व्होल्टचा छोटा बॅटरी बॅकअप घेतला, त्यावर नेटचा डबा, म्हणजे राउटर, तीनेक तास चालतो. पण केबलवाल्याच्या टोकाला असलेल्या यंत्रालाही वीज लागते. तिथली बॅटरी संपली की आपल्या डब्यावर लाल दिवा लागतो, मग घरात इन्व्हर्टर असला तरी उपयोग नाही. जुलैत हे महिन्यातून दोन-तीनदा होतं. हे आधी कळलेलं बरं.

आता मूळ मुद्दा. जोडणीला आलेला मुलगा चुणचुणीत होता. तार ओढली, काचेचे धागे हातातल्या यंत्रात सांधले, डबा ओटीवरच्या खिडकीत ठेवला, माझ्या फोनवर व्हिडिओ लावून दाखवला. पंचवीस मिनिटांत काम संपलं. वायफायचं नाव त्याने केबलवाल्याच्याच नावाचं ठेवलं आणि पासवर्ड दिला एक ते आठ आकडे, ओळीने. "लक्षात राहायला सोपा, काकू," म्हणाला. मलाही ते पटलं. वायफायला कमीत कमी आठ अक्षरांचा पासवर्ड लागतो, म्हणून आठपर्यंत, एवढाच त्यात विचार होता.

शिवाय एक चूक मी स्वतः केली. पडवीत, पाहुण्यांच्या खोल्यांपाशी रेंज मिळेना. घर जुनं, चिऱ्याची भिंत सव्वा फूट जाड, तिच्या पलीकडे पाच गिगाहर्ट्झची लहर पोचतच नाही, २.४ ची कशीबशी पोचते. म्हणून मी माळ्यावरचा जुना राउटर काढला, तार टाकून पडवीत लावला आणि त्याला पासवर्डच ठेवला नाही. तो पूर्वीपासून तसाच होता. त्यामागेही कारण आहे.

२०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. आमच्यापेक्षा वर दापोली-मंडणगडला त्याने फार नुकसान केलं, पण खांब आणि टॉवर आमच्याकडेही पडले. शाळा बंद, अभ्यास फोनवर, आणि फोनला रेंज फक्त वरच्या सड्यावर, उघड्या कातळावर. वाडीतली पोरं छत्र्या घेऊन सड्यावर जाऊन बसायची. पावसात, उघड्यावर, विजा होत असताना. आमचं टेलिफोनचं नेट आधी सुरू झालं तेव्हा मी राउटर ओटीवर आणला आणि पासवर्ड काढून टाकला. ओटीवर चार पोरं, खळ्यात दोन, शेजारच्या आप्पांची नात त्यांच्याच पायरीवर, दोन घरांमधल्या दगडी गडग्याला टेकून. नेट रडतखडत चालायचं, पण चालायचं. ते केलं त्याचं मला आजही समाधान आहे. पासवर्ड काढला तो त्या पोरांसाठी. पोरं मोठी झाली, शाळा उघडल्या, आणि राउटर तसाच उघडा राहिला.

गेल्या एप्रिलच्या शेवटी, तिन्ही खोल्या भरलेल्या असताना नेट मंदावलं. दिवसा बरं चालायचं, संध्याकाळी सातनंतर मात्र पाहुण्यांचे पैसे पाठवताना चाक फिरत राहायचं. पुण्याहून आलेली एक मुलगी खोलीत बसून ऑफिसचं काम करायची, तिची मीटिंग तीनदा तुटली. मी केबलवाल्याला फोन केला. त्याने त्याच्या बाजूने तपासून सांगितलं, लाइन स्वच्छ आहे. ते खरंच होतं. शेवटी त्याच मुलीने लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, पत्त्याच्या जागी १९२.१६८.१.१ टाकून. आत शिरायला नाव-पासवर्ड दोन्हीकडे 'अ‍ॅडमिन' चाललं. समोर जोडलेल्या यंत्रांची यादी आली. घरात आमचे आणि पाहुण्यांचे मिळून नऊ फोन आणि एक लॅपटॉप. यादीत एकवीस नावं. त्यात एक टीव्ही होता, आणि आमच्या घरातला टीव्ही तर अजून डिशवर चालतो.

तो टीव्ही होता आप्पांचा. त्यांच्या मुलाने मुंबईहून पाठवलेला, ५५ इंची. दुकानाचा माणूस लावून गेला तेव्हा टीव्हीला आमचं उघडं वायफाय दिसलं, त्याने ते पकडलं आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तोच जोडलेला. आप्पांकडे स्वतःचं फायबर आहे, त्यांना याचा पत्ताही नव्हता. म्हणजे इथे चोरी कुणीच केलेली नव्हती. पण आमचं नेट मात्र जात होतं.

त्या मुलीने मला एक गोष्ट समजावली, ती मला फार उपयोगाची वाटली. मी म्हणाले, ५० मधले टीव्हीच्या फोर-के, म्हणजे खूप स्पष्ट, चित्राला पंधरा गेले तरी पस्तीस उरतात, मग अडतं कुठे? ती म्हणाली, प्रश्न आकड्यांपेक्षा हवेचा आहे. एका राउटरवरची सगळी यंत्रं आळीपाळीने बोलतात. जवळचा फोन आपलं म्हणणं झटक्यात सांगून मोकळा होतो. दोन चिरेबंदी भिंती आणि गडगा ओलांडून येणारा टीव्ही हळूहळू, पुन्हा पुन्हा बोलतो, आणि तेवढा वेळ बाकीचे थांबून राहतात. लांबून, कमजोर रेंजवर कुणी जोडलेलं असेल तर तो जितकं वापरतो त्यापेक्षा जास्त अडवतो. तेव्हा मला सातनंतरचं कोडं सुटलं. सात वाजता आप्पांच्या मालिका सुरू होतात.

त्याच संध्याकाळी पडवीतल्या राउटरला पासवर्ड घातला. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या टीव्हीला त्यांचंच वायफाय जोडून दिलं. आप्पांना वाईट वाटलं. "अगो, मग इतके दिवस तुझंच खात होतो की काय आम्ही?" म्हणाले आणि आगरातला फणस आणून पडवीत ठेवला. मला वाटलं, प्रश्न मिटला.

मिटला नव्हता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी ओटीवरचा प्रिंटर आपोआप सुरू झाला. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती काढायला आम्ही तो ठेवला आहे. घरात मी एकटी, फोन माझा चार्जिंगला. प्रिंटरने एक पान बाहेर ढकललं: सातबारा उतारा, आप्पांच्या जमिनीचा. सातबारा काही गुपित नव्हे, १५ रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा कुणीही काढू शकतो. पण त्याच्यामागून दुसरं पान आलं. त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'वाटणीपत्र' आणि खाली 'कच्चा मसुदा'. मी तिथेच पान उपडं केलं. तिसरं आलं, चौथं आलं, मी न बघता एकावर एक उपडी ठेवत गेले. कोकणात राहणाऱ्याला सांगायला नको, सामायिक जमिनीच्या वाटणीचा कागद घरातल्या घरातही किती जपून फिरतो. तो आमच्या ओटीवर, आमच्या शाईने छापून येत होता.

चारही पानं पदराखाली घेऊन मी गडग्यापलीकडे गेले. आप्पांचा मुलगा सुट्टीला आला होता, पायरीवर बसून फोन हातात, आणि आतल्या त्यांच्या प्रिंटरला नावं ठेवत होता की हा छापत का नाही. मी पानं त्याच्या हातात दिली. तो क्षणभर बोललाच नाही. मग विचारलं, "वहिनी, तुम्ही वाचलंत?" मी म्हणाले, माथा वाचला, पुढे नाही. त्याने मान हलवली. त्याला पटलं, आमच्या दोन घरांत तेवढा विश्वास आहे म्हणून. दुसऱ्या कुणाच्या घरी ती पानं निघाली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून करते.

झालं होतं असं. त्यांच्या घरीही जोडणी आमच्याकडे जोडणीला आलेल्या त्याच मुलाने केली होती. वायफायचं नाव तेच, केबलवाल्याचं. पासवर्ड तोच, एक ते आठ. फोनला नाव आणि पासवर्ड एवढंच कळतं, घर कुणाचं ते कळत नाही. त्याच नावाचे आणि त्याच पासवर्डचे दोन राउटर आसपास असले की तो दोन्ही एकच समजतो आणि ज्याची रेंज जास्त त्याला चिकटतो. पायरीवर बसल्यावर त्यांच्या माजघरातल्या डब्यापेक्षा आमच्या ओटीवरचा डबा जवळ पडत होता. प्रिंटर दोघांचेही चिपळूणच्या एकाच दुकानातून घेतलेले, एकाच कंपनीचे, नावात फक्त शेवटचे आकडे वेगळे. त्याने समोर दिसला त्याच्यावर बोट ठेवलं.

मग मी माझा फोन बघितला. आगराच्या त्या टोकाला, आप्पांच्या विहिरीपाशी गेले की माझाही फोन त्यांच्या डब्यावर जात होता. म्हणजे दीड वर्षातला निम्मा काळ आम्ही एकमेकांच्या नेटवर होतो, दोघंही पैसे भरत होतो, आणि दोघांनाही ठाऊक नव्हतं. नंतर वाडीत विचारत गेले. ज्यांनी दाखवलं त्या अकरा घरांपैकी नऊ घरांत पासवर्ड एक ते आठच. मला या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच वाटतो. यंत्राच्या पाठीवर कारखान्यातून एक चिकटपट्टी येते, तिच्यावर प्रत्येक डब्याचा वेगळा पासवर्ड छापलेला असतो. तो तसाच राहू दिला असता तरी चाललं असतं. तो पुसून सगळ्या वाडीला एकच किल्ली वाटायचे कष्ट मुद्दाम घेतले गेले, फक्त तक्रारीचे फोन कमी यावेत म्हणून.

"आपल्या वाडीत कोण चोरणार?" असं मला तीन घरांत ऐकायला मिळालं. मी त्यांना सानपाड्याची गोष्ट सांगते. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला होता, आणि त्याचा माग निघत निघत आला नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन भाडेकरूच्या फ्लॅटवर. त्याच्या घरातलं वायफाय उघडं होतं, मेल पाठवणारा दुसराच कुणीतरी होता. पण नेटचा पत्ता त्या भाडेकरूच्या नावावर होता, म्हणून चौकशी आधी त्याची झाली. माझा भाऊ तेव्हा नेरुळला राहायचा. त्यांच्या सोसायटीत त्या आठवड्यात प्रत्येकाने आपापला राउटर तपासला. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे तर दर शनिवार-रविवारी दाभोळची फेरीबोट उतरून अनोळखी माणसं येतात, रस्त्यावर गाडी लावून बसतात. त्यातली बहुतेक चांगलीच असतात. पण माझ्या नावावरच्या नेटवरून कुणी काय पाठवलं हे मला सांगता यायला हवं.

मी नंतर काय केलं ते सांगते, हे कुणालाही अर्ध्या तासात जमेल. आधी राउटरच्या पानाचा 'अ‍ॅडमिन' बदलला, कारण तो राहिला तर बाकी सगळं बदलूनही कुणीही आत शिरून परत उलटं करू शकतं. वायफायचं नाव बदललं, त्यात आमचं आडनाव किंवा घराचं नाव ठेवलं नाही. पासवर्ड चार मराठी शब्दांचा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. लांब असला तरी लक्षात राहतो. सुरक्षेच्या रकान्यात वायफायच्या कुलपाचा प्रकार म्हणून डब्ल्यूपीए-२ निवडलं. नवीन डब्यात डब्ल्यूपीए-३ असतं, ते जास्त चांगलं, २०१८ पासून आलेलं, पण आमचा प्रिंटर त्यावर जोडेना. जुन्या राउटरमध्ये डब्ल्यूईपी नावाचा प्रकार दिसला तर तो मुळीच घेऊ नये, त्याचं कुलूप २००१ मध्येच फुटलं आहे. आणि बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. तिचा आठ आकडी पिन जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडू शकतो हे २०११ मध्ये उघड झालं होतं.

हे सगळं केल्यावर वाडीत थोडी कुजबुज झाली की वैनींनी नेट बंद केलं. ते मला लागलं. मी नेट बंद केलेलं नाही. आमच्याकडे गडग्यात ये-जा करायला बेडं असतं, आडव्या बांबूंचं. ते गुरांनी आगरात शिरू नये म्हणून लावतात. शेजारी आला की एक बांबू सरकवतो, आत येतो, परत सरकवतो. मला नेटचंही तसंच हवं होतं, आणि डब्यात त्याची सोय आधीच होती: गेस्ट नेटवर्क. त्याच डब्यातून वेगळ्या नावाचं, वेगळ्या पासवर्डचं दुसरं वायफाय निघतं. त्यावरचा माणूस नेट वापरू शकतो, पण आमचा प्रिंटर, कॅमेरा, लॅपटॉप त्याला दिसत नाही. पडवीतला राउटर काढून तिथे गेस्ट नेटवर्कची रेंज पोचवणारा छोटा रिपीटर लावला. पाहुण्यांच्या खोलीत पासवर्ड कागदावर लिहून ठेवते, तो दर महिन्याच्या एक तारखेला बदलते. पलीकडच्या घरात एक बाई एकट्या राहतात, फोनवर लेकीशी बोलायला त्यांना नेट लागतं आणि जोडणी परवडत नाही. त्यांच्या फोनमध्ये तो पासवर्ड मी स्वतः जाऊन घालते, दर महिन्याला. त्या निमित्ताने त्यांची विचारपूस होते.

जोडणी केलेल्या मुलाला मी परत बोलावलं होतं. तो ऐकून घेत होता, त्यालाही वाईट वाटलं, पण त्याने खरं सांगितलं: दिवसाला सहा जोडण्या करायच्या असतात, प्रत्येक घरात पासवर्ड समजावत बसलो तर चारच होतात. त्याच्यावर माझा राग नाही. मग मी केबलवाल्याच्या ऑफिसात जाऊन बोलले. त्यांनी 'बघतो' म्हटलं. त्यानंतर आमच्या पाखाडीवर दोन नवीन जोडण्या झाल्या. एका घरात चिकटपट्टीवरचा पासवर्ड तसाच ठेवलेला आहे. दुसऱ्या घरात पुन्हा एक ते आठ.

लाइनला आणि दुरुस्तीला पाचपैकी साडेचार. जोडणीच्या पद्धतीला दोन. वर्षाचं एकदम भरलं तर एक महिना फुकट मिळतो, तरी या वेळी मी सहाच महिन्यांचं भरलं आहे. गणपतीला मुंबईकर आले की वाडीत आणखी जोडण्या होतील. त्या घरांतले पासवर्ड बघेन आणि मग पुढचं ठरवेन.